सुलोचनीचं

दिघोरी, २१ मे २०२४

चि. रेणूले आजीचा आशीर्वाद. तुझा पाय लवकर जुळो, अन् डोकं त्याच्याआधी.

तुझं पत्र पोचलं. रिताने दोनदा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी मले वाटलं, ती दुसऱ्याच कोणाचं वाचून राहिली. क्वार्टरच्या पायरीवरून घसरलीस, हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, जावईबापू ड्युटीवर जायच्या आधी भाजी-पोळी करून ठेवतात, हे सगळं चार ओळीत. अन् पुढची दीड पानं काय? तर 'आजी, तू जे अंगाला लावायचं करतेस त्याला नेमका शब्द कोणता, त्याचा अर्थ काय, आणि तो आला कुठून?'

काय बाप्पा! पाय मोडलेल्या माणसाले असे प्रश्न पडतात? प्लास्टर चुकीच्या जागी बांधलं त्याईनं. तोंडाले बांधायले पाहिजे होतं.

तू लिहितेस, तुमच्या जवाहरनगरच्या महिला मंडळाले कोण्या संस्थेचा फॉर्म आला. घरगुती औषधांचं पुस्तक करून राहिले. त्या फॉर्मात सात रकाने, सातवा 'नाव, अर्थ व उगम'. पहिले सहा तू भरून टाकले, मले न विचारता. आजीचं वय सत्त्याहत्तर लिहिलंस. तुले कोणी सांगितलं? मलेच माहीत नाही.

आता ऐक. आम्ही त्याले काहीच म्हणत नाही. माझी सासू लेप म्हणे. तुझा बाप बाम म्हणे, कारण दुकानातल्या पिवळ्या डबीवर तसं लिहिलेलं होतं अन् आपल्याले वाचता येते याचा त्याले लय गर्व. दवाखान्यातली बाई मलम म्हणते. अन् गावातल्या बाया दारात उभ्या राहून म्हणतात, "मावशी, सुलोचनीचं आहे का?" मी समोर उभी, तरी सुलोचनीचं! जशी सुलोचना कोणी दुसरीच आहे, आतल्या खोलीत बसली. हे लिही तुझ्या रकान्यात. बसत नसेल तर रकाना मोठा कर.

म्हणत होत्या आतापर्यंत. यंदा कोण म्हणून राहिलं? डबीची रीत तुले ठाऊक आहे. मी डबी भरून देते. संपली की बाई ती राखेनं घासते, आत चिमूटभर तांदूळ टाकते अन् परत आणते, कारण रिकामं भांडं कोणाच्या दारात नेत नाहीत. तांदूळ मी काढून घेते, डबी पुन्हा भरते. माझ्या लग्नापासून असंच चालू आहे. यंदा होळीनंतर सतरा डब्या दिल्या. एक परत आली नाही. समोरची शकू तर बारा महिने पायाच्या बोटांत चिखल्या घेऊन फिरते, तिले एक डबी पंधरा दिवस पुरत नाही. तिनंही नाही आणली. बाया माजल्या, दुसरं काय.

फोन करू नकोस. कानाले लावला की मले चक्की चालू असल्यावानी ऐकू येते, अन् रिता मधात उभी राहून अर्धं गाळते. कागदावर तिले गाळता येत नाही, मी शेजारच्या मालनबाईकडून वाचून तपासते.

(मी रिता. मी काही गाळत नाही.)

तुझी आजी


जवाहरनगर, २८ मे २०२४

प्रिय आजीस सा. नमस्कार. रिताकाकूलाही, कारण वाचणार तीच आहे.

तुझं पत्र वाचून प्लास्टरच्या आतला पायसुद्धा हसला. तुझ्यासारखं बोलणारं इकडे कुणी नाही गं.

पण आजी, फॉर्म परत आला. सातव्या रकान्यात मी 'सुलोचनीचं' लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत शेरा: 'हे विशेषनाम आहे. औषधाचे नाव व व्युत्पत्ती द्यावी.' म्हणून ड्युटीवरून येताना अमरला वाचनालयातून जाडजूड कोश आणायला लावले. दिवसभर खुर्चीत बसून दुसरं करू तरी काय?

ऐक तर. 'मलम' आपला नाही. तो अरबीतला 'मरहम', फारसीबरोबर इकडे आला. 'बाम' इंग्रजांचा, पण त्यांना तो फ्रेंचांकडून मिळाला, फ्रेंचांना लॅटिनमधून, लॅटिनला ग्रीकांकडून, आणि त्याच्याही आधी ते अरबस्तानाकडच्या कुठल्याशा झाडाच्या वासाच्या डिंकाचं नाव होतं. 'लेप' संस्कृत. आपण भिंत लिंपतो ना, तेही त्यातलंच. आणि 'चोपड' म्हणजे तेल, तूप, अंगाला लावायचं कोणतंही स्निग्ध. मी लहान असताना तू म्हणायचीस, "चोपडून घे अन् झोप." मला वाटतं आपला शब्द हाच असावा.

पण तुला हे शिकवलं कुणी? खरा उगम तिथेच असेल. तेवढं सांग. २० जुलैपर्यंत मुदत आहे.

तुझी रेणू


दिघोरी, ३ जून २०२४

चि. रेणूले आशीर्वाद.

रिता वाचत होती, मी सूप घेऊन बसली होती. अरबस्तानातला डिंक ग्रीकांकडे, तिथून कोणाकोणाकडे, मंग विलायतेत, विलायतेतून लाखांदूरच्या दुकानात, अन् दुकानातून तुझ्या बापाच्या तोंडात. एवढं फिरला तो शब्द! अन् तुले जवाहरनगरहून दिघोरीले यायले संक्रांतीपासून वेळ मिळाला नाही. तेव्हा तर दोन्ही पाय धड होते.

चोपड म्हणतेस तर चोपड भाकरीलेही लावतात, बैलाच्या खांद्यालेही लावतात, अन् काम असलं की आजीलेही लावतात. 'तुझ्यासारखं बोलणारं इकडे कुणी नाही गं', हे तेच.

शिकवलं राधाबाईनं. माझं माहेर पवनीचं, एवढं तरी तुले माहीत असेल. आमच्या भिंतीले भिंत लागून कोष्ट्यांचं घर. राधाबाई दिवसभर मागावर. पाय खड्ड्यात, कंबर वाकलेली, मनगटं सुजलेली. तिनं आपल्या हाडांसाठी हे करून ठेवलं होतं. मोहाच्या बियांचं तेल, निरगुडीचा पाला, ओवा, मेण, कापूर. सगळी गल्ली त्याले 'राधाचं' म्हणे. मी दहा वर्षांची असेन. शिकव म्हटलं, तर तिनं मले चुलीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हणे, "पाहशील तर डोळे शिकतील, अन् डोळे खोटारडे असतात. नाकानं सांग, कधी उतरवू." 'आता' म्हटलं अन् चुकलं, की पाठीत धपाटा. चार महिने मी भिंत पाहिली. त्या भिंतीवरचा एकएक पोपडा मले आजही पाठ आहे. मंग एका दिवशी मी 'आता' म्हटलं अन् धपाटा आला नाही. असं शिकतात ते. तुझ्या लाल शाईवाल्याले म्हणा, ये, भिंतीकडे तोंड करून बस.

मी दुसरं करायले घेणार आहे, धानाच्या रोवणीच्या आधी. चिखलात दिवसभर वाकून उभं राहाले लागते, तेव्हाच बायांले पायासाठी, कमरेसाठी पाहिजे असते. होळीचं जरा काळं झालं होतं. लाकूड ओलं होतं.

रिता इथं लिहायची थांबली. लिही म्हटलं. ओलं होतं.

तुझी आजी


दिघोरी, ४ जून

प्रिय रेणू,

ही चिठ्ठी आईंच्या पत्रात दडवून टाकते आहे. त्यांना सांगू नको.

लाकूड कोरडं होतं. होळीचं सगळं जळलं होतं, गं. आई चुलीजवळच बसल्या होत्या आणि धूर दारापर्यंत येईस्तोवर त्यांना कळलं नाही. त्यांना वास येत नाही. गेल्या महिन्यात दूध करपून भांड्याला लागलं, त्या शेजारीच भाजी निवडत बसलेल्या. मी काही म्हटलं की म्हणतात, तुलेच सर्दी झाली आहे.

ते जळकं त्यांनी मेण घालून डब्यांत भरलं आणि वाटलं. शकूबाईंच्या बोटांना फोड आले. त्यांनी मला दाखवले आणि शपथ घातली, सुलोचनीले सांगू नको. सगळ्या बाया तेच करून राहिल्या. लाखांदूरहून ट्यूब आणतात, पदराखाली लपवून नेतात. जळकी डबी संपली म्हणून परत आणावी तर आई पुन्हा भरून देतील. आणि न संपलेली आणावी तर काय सांगावं? म्हणून सतराच्या सतरा डब्या घराघरांत बसून आहेत.

आता त्या दुसरं करणार म्हणतात. पुन्हा जळलं तर तोंडावर कोणी बोलणार नाही. पण त्या खुळ्या नाहीत. ज्या दिवशी त्यांना कळेल की बायांनी तोंडदेखलं घेतलं, त्या दिवसापासून त्या चुलीजवळ जाणार नाहीत, आणि नुसत्या चुलीजवळच नाही. मी करून बघितलं. मला ते नाक नाही. तू लहानपणी भाजीतलं मीठ वासावरून सांगायचीस. काही करता येईल तर बघ.

काकू


जवाहरनगर, १० जून २०२४

प्रिय आजीस सा. नमस्कार.

राधाबाईंची गोष्ट आवडली. पण आता एक नवीनच निघालं आहे. फॉर्मात आठवा रकानाही आहे, 'करण्याची पद्धत'. तो स्वतः करून बघितल्याशिवाय भरता येणार नाही. म्हणून तू तुझं दुसरं करायला थोडं थांब, आधी मला शिकव.

रविवारी आम्ही एकदा केलंसुद्धा. तू सांगितलंस तसंच. मी खुर्ची गॅसकडे पाठ करून ठेवली, प्लास्टरचा पाय स्टुलावर, तोंड कॅलेंडरकडे. अमर ढवळत होता. निरगुडी त्यानेच कंपनीच्या कुंपणाजवळून आणली. तेल तडतडायचं थांबलं, मग ओवा घातला आणि छान सुगंधी वास आल्यावर उतरवलं. अमर विचारतो, उतरवताना तापमान किती असावं?

झालं ते जरा पातळ आणि हिरवट आहे. वास छान आहे. बरोबर आहे का?

तुझी रेणू


दिघोरी, १५ जून २०२४

रेणू,

'छान सुगंधी'! रिताले मी तीनदा विचारलं, पोट्टीनं खरंच असं लिहिलं का? उदबत्तीच्या पुड्यावर लिहितात तसं? एवढाले कोश मांडीवर घेऊन बसलीस, अरबस्तानापर्यंत जाऊन आलीस, अन् नाकासमोरच्या वासासाठी तुले हाच एक शब्द सापडला?

जावईबापूले सांग, हे फॅक्टरीतलं काम नाही. याले काटा नसतो.

अन् दुसरं. आठवा रकाना तुझ्या फॉर्मात नाही. पहिल्या पत्रात तू सात लिहिले होते. मी अडाणी आहे, भैताड नाही. मागचं पाकीट पोस्टात टाकायच्या आधी मी हातात घेतलं होतं. मले वाचता येत नाही, पण माझ्या पत्रापेक्षा जाड आहे एवढं कळते. तेव्हाच समजलं, रिताने आत काहीतरी कोंबलं. समोर बसून लिहून राहिली आता, मान खाली घालून. लिही, लिही. तुझंच चाललं आहे.

(आई, मला माफ करा.)

माफ कायले करू? तू खरं लिहिलं असेल. मीच खोटं लिहायले लावलं. लाकूड कोरडं होतं.

दिवाळीनंतर ताप आला, तो गेला, जाताना नाक घेऊन गेला. कान आधीच अर्धे, आता नाक पूर्ण. देव एकएक सामान उचलून नेऊन राहिला, जसं घर खाली करायचं आहे. मले वाटलं, येईल परत. सर्दीत जाते तसं. मी रोज सकाळी ओवा चोळून नाकाशी धरते. माती चोळल्यासारखं. मंग होळीले केलं. मनात म्हटलं, साठ-पासष्ट वर्षं केलं, हाताले येत असेल. हाताले येत नाही. अन् डब्या परत आल्या नाहीत, तेव्हाच मले कळलं. बाया माजल्या नाहीत. बाया माझी लाज राखून राहिल्या, अन् त्याचाच मले जास्त राग येऊन राहिला. शकूनं येऊन तोंडावर फेकून मारली असती ती डबी, तर बरं झालं असतं.

म्हणून आता लक्ष देऊन ऐक. वास मले माहीत आहे, नाक तुझ्याजवळ आहे. मधात एवढा रस्ता अन् एक पोस्टमन. तू नीट सांगितलं तरच मले कळेल, कधी उतरवलं अन् काय चुकलं. छान नको, सुगंधी नको, उग्र नको. कशासारखा, कोणाच्या घरचा, कोणत्या वेळचा, असं माणसासारखं सांग.

पातळ अन् हिरवट म्हणजे पाणी आटलं नाही. ते फेकून दे. निरगुडी कोवळी तोडा. कापूर उतरवल्यावर, बोट बुडवता येईल इतकं निवल्यावर. चुलीवर असताना टाकला तर भडका होईल, अन् तुमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीत भडका झालेला चांगला नाही.

आजी


जवाहरनगर, २२ जून २०२४

प्रिय आजी,

आठव्या रकान्याबद्दल मान खाली घातली आहे.

दोनदा केलं. कालचं आणि परवाचं. दोन्ही सांगते, चिडू नकोस.

परवा: पाला घातल्यावर आधी पावसात भिजलेल्या बकरीसारखा वास आला. तडतड थांबली तेव्हा तो गेला. ओवा टाकल्यावर, सुई टोचण्याआधी नर्स दंडावर कापूस फिरवते ना, तसा थंड, टोचणारा वास आला. मी 'आता' म्हटलं. थंड झाल्यावरही ते दवाखान्यासारखंच राहिलं. अमरने मानेला लावलं, म्हणाला, आग होते.

काल: दवाखाना येऊन गेला तरी मी थांबले. मग काहीतरी आलं आणि लगेच गेलं, ते मला धरता आलं नाही. मी विचार करत बसले की याला काय म्हणू, आणि तेवढ्यात विस्तवात पडलेल्या पापडासारखा वास यायला लागला. उतरवेपर्यंत काळं झालं.

आजी, मधलं ते काय होतं? त्याला काय म्हणायचं? तेवढं सांग, म्हणजे मी ते आलं की ओळखेन.

प्लास्टर २ तारखेला निघेल.

तुझी रेणू


दिघोरी, २७ जून २०२४

चि. रेणूले आशीर्वाद.

बकरी बरोबर. दवाखाना बरोबर, तेव्हा ओवा कच्चा असते. पापड म्हणजे माझी होळी. म्हणजे आता तुले अलीकडचं अन् पलीकडचं समजलं, मधलं राहिलं.

मधल्याले काय म्हणायचं, ते तीन दिवस झाले विचार करून राहिली. रितानं मदत केली. ती म्हणते मातीसारखा? नाही. धानाच्या पेंढीसारखा? नाही. मोहफुलासारखा? अजिबात नाही. माझ्या मनात तो वास आत्ता आहे, नाक नसून आहे, अन् तोंडात त्याचं नाव नाही. भांडी आपटून राहिली मी सकाळपासून. राधाबाईनंही कधी सांगितलं नाही. आता समजलं मले, ती धपाटे काहून मारत होती. तिलेही शब्द सापडत नव्हता!

तुले म्हणून हसली मी, की शब्द विचारतेस. हस आता माझ्यावर.

धानाचे पऱ्हे वीत-वीतभर झाले. शेजारचा तुलाराम म्हणतो, आठ-दहा दिवसांत बांध्यांत पाणी धरेल अन् रोवणी लागेल. काल शकू ओट्यावर बसून पाय पदराखाली घेत होती. मी म्हटलं, "दाखव." तिनं दाखवले नाहीत. मी म्हटलं, "जळकं होतं ना, शकू?" तर ती म्हणते, "काय सुलोचना, कधीमधी होते." मंग आम्ही दोघी पावसाबद्दल बोललो.

पुन्हा कर. नाव शोधत बसू नकोस. वास आला की तोंडात जे येईल ते ओरड, अन् जावईबापूले सांग, काहीही ओरडली तरी उतरवायचं.

आजी


जवाहरनगर, ५ जुलै २०२४

आजी, आजी,

प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झालाय, अजून टेकवत नाही. त्यामुळे रविवारी डब्या घेऊन अमर एकटाच गाडीवर येईल.

झालं! कसं झालं ते सांगते, तुझ्या सांगण्याप्रमाणे, माणसासारखं.

काल संध्याकाळी बसलो. यावेळी मी कॅलेंडरही काढून टाकलं, नुसती भिंत. बकरी आली, गेली. दवाखाना आला. अमर म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "बोलू नका." आणि मग एकदम माझ्या तोंडातून निघालं, "आजी आली!"

अमर चमचा ठेवून दार उघडायला गेला.

मी ओरडले, "अहो, दार नाही, पातेलं! पातेलं उतरवा!" तो पळत परत आला, पातेलं उतरवलं, आणि मग आम्ही दोघं हसलो, आणि मला नंतर थोडं रडू आलं, का ते कळलं नाही.

मला दुसरा शब्द सापडला नाही, आजी. तो तुझा वास होता. तू माझी वेणी घालायचीस तेव्हा मागून यायचा तो. मेण घातलं, निवल्यावर कापूर घातला, तरी तो आत आहे. अमरच्या मानेला आग नाही झाली. पाच डब्या पाठवतेय. बरोबर आहे की नाही ते मला सांगता येत नाही, आणि तुलाही वास येणार नाही. मग कळणार कसं?

तुझी रेणू


दिघोरी, १६ जुलै २०२४

चि. रेणूले अन् जावईबापूले आशीर्वाद.

'तुझा वास'! म्हणजे मी काय ओवा आहे? अन् पोट्टे, सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईले असं कागदावर लिहून कळवतात? रिताले म्हटलं, काय गं, मले खरंच असा वास येते? ती म्हणते, "हो आई, लग्न होऊन आले तेव्हापासून." इतकी वर्षं! अन् एकीनंही सांगितलं नाही. मी आपली तो वास जगभर शोधून राहिली, मातीत शोधला, पेंढीत शोधला, अन् तो माझ्याच लुगड्यात बसलेला. राधाबाईचं नाव घेतलं की मले जो वास आठवते, तो हाच होता म्हणायचा.

कळणार कसं, विचारतेस. मले एकच रस्ता माहीत आहे. तुझी एक डबी शकूले दिली. चांगलं आहे म्हटलं नाही, वाईट आहे म्हटलं नाही. म्हटलं, लाव. रोवणी लागली होती, सगळ्या बाया दिवसभर बांधीच्या चिखलात उभ्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. शकू दारावरून येऊन-जाऊन राहिली, पायाकडे बोट नाही, तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी रितावर ओरडली, कोंबडीवर ओरडली, तुलारामावर ओरडली, तो बिचारा नांगर मागायले आला होता.

काल सकाळी शकू आली. डबी राखेनं घासलेली, आत तांदूळ. पुढच्या घरच्या दोघी तिच्या मागं उभ्या. अन् काय म्हणते माहीत आहे? माझ्या दारात उभी राहून, माझ्या तोंडाकडे पाहून म्हणते, "मावशी, रेणूचं आहे का?"

मावशी! मी हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. अन् हिच्या दोन बाळंतपणाले मी चोपडून दिलं, साठ वर्षं माझं लावलं, अन् एका डबीत रेणूचं झालं! तुझा नवरा ओट्यावर डब्या उतरवताना मोठ्यानं बोलला असेल, 'माझ्या बायकोनं केलं.' त्याचं तोंड बंद ठेवायचं काही मिळत असेल तर तेही करून ठेवजो.

मी म्हटलं, आहे. दुसरी डबी दिली. मंग दिवसभरात एकएक करून बाकीच्या आल्या. होळीच्या. सगळ्या घासलेल्या, सगळ्यांत तांदूळ. त्यातलं कुठं फेकलं ते मी विचारलं नाही, त्याईनं सांगितलं नाही. सतराच्या सतरा ओट्यावर मांडून ठेवल्या, अन् मी आत जाऊन उगाचच कपडे घडी घालत बसली.

आता तुझा सातवा रकाना. लिही: पवनीत होतं तेव्हा राधाचं. दिघोरीत आलं तेव्हा सुलोचनीचं. आता रेणूचं. लाल शाईवाल्याले म्हणा, हो, विशेषनामच आहे. ज्याच्या हातात राहाले येते त्याचं नाव घेते. अरबस्तानातून आलं नाही, भिंतीकडे तोंड करून आलं. पटत नसेल तर पुस्तक आमच्याशिवाय छाप म्हणा. तुझी मुदत चार दिवसांवर आली, म्हणून हे आजच पोस्टात जाते.

सतरा डब्या पोत्यात बांधून बसमध्ये ठेवायले रिता साकोलीच्या फाट्यापर्यंत गेली होती, बसवाल्यानं घेतल्या नाहीत. जावईबापू येतील तेव्हा देईन. लवकर पाठवजो त्याले, बायांच्या कमरा थांबून नाहीत. अन् एखाद्या दिवशी स्वतःही मागं बसून ये. काडी झाली तरी टेकते हळूहळू.

डब्यांतले तांदूळ मी ठेवले नाहीत. करणारीचे असतात ते, तुझे आहेत. वेगळ्या पुडीत बांधून देते. मूठभरच झाले. दोघं मिळून शिजवून खाजो, ढवळलं त्यानंच.

शिजवायच्या आधी निवडून घेजो मात्र. शकूच्या तांदळात खडे असतात.

तुझी आजी